शाळेंतील दंड आणि शिक्षकाचें शिक्षण

फळा, घंटा आणि छडी या तीन वस्तूंवांचून जुनी प्राथमिक शाळा पुरी होत नसे. फळा विद्येसाठीं, घंटा वेळेसाठीं आणि छडी शिस्तीसाठीं, अशी त्यांच्या कामाची वांटणी ठरलेली असे. फळा आणि घंटा अद्याप टिकून आहेत. छडीला मात्र कायद्यानें शाळेबाहेर घालविलें. १ एप्रिल २०१० रोजीं बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अंमलांत आला आणि त्याच्या सतराव्या कलमानें मुलांस शारीरिक शिक्षा करण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास बंदी केली. बंदी झाली हें योग्यच झालें. परंतु, श्रोतेहो, एक प्रश्न मागें उरला. जो हात पिढ्यान् पिढ्या छडीवर विसंबून राहिला, त्या हाताला छडीवांचून वर्ग सांभाळण्याची विद्या कोणीं शिकविली, आणि ती कोणत्या मार्गानें त्याच्यापर्यंत पोंचली? महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेला गोंदिया जिल्हा समोर ठेवून या प्रश्नाचा इतिहास पाहिला, तर नुसत्या कायद्याच्या इतिहासांत न दिसणाऱ्या कित्येक गोष्टी नजरेस येतात.

शिष्याच्या दंडाविषयींचा विचार आपल्याकडे नवा नाहीं. गौतमाच्या धर्मसूत्रांत शिष्याला न मारतां शिकवावें हा सामान्य नियम सांगितला आहे. अन्य उपाय चालेनासा झाला तरच बारीक दोरीनें किंवा वेळूच्या कांबीनें ताडन करावें, आणि दुसऱ्या कशानें मारणाऱ्या गुरूला राजानें दंड करावा, असें तेथें म्हटलें आहे. आपस्तंबानें भय दाखविणें, उपास घडविणें, थंड पाण्यानें स्नान करावयास लावणें आणि गुरूसमोर येण्यास मनाई करणें, असे अपराधाच्या मानानें दंड सांगितले. मनुस्मृतीनें ताडन पाठीवर करावें, मस्तकावर कधींही करूं नये अशी मर्यादा घातली. म्हणजे ज्या ग्रंथांनीं मारण्याची मोकळीक दिली, त्यांनाही मारणाऱ्याचा हात आवरावासा वाटला. मनूनें दुसऱ्या एका ठिकाणीं गुरूनें गोड वाणीनें शिकवावें असेंही म्हटलें आहे. परंतु मूल ऐकत नसतां आणि राग अनावर झाला असतां ती गोड वाणी टिकवावी कशी, याची शिकवण त्यांत नाहीं. काय करूं नये हें सांगितलें जातें आणि त्याऐवजीं काय करावें हें अध्याहृत राहतें, ही उणीव पुढील सर्व इतिहासांत वारंवार दिसते.

मुलांचा स्वभाव मात्र तेव्हां होता तसाच आज आहे. भवभूतीचें पद्मपूर म्हणजे गोंदिया जिल्ह्यांतील आमगांवजवळचें पदमपूरच होय, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें. आठव्या शतकांतील या कवीच्या उत्तररामचरितांत, चौथ्या अंकाच्या आरंभीं, वाल्मीकीच्या आश्रमांतील बटु पाहुणे आल्यामुळें मिळालेल्या सुटीनें हर्षभरित झालेले दिसतात. ऋषींच्या आश्रमांतील मुलांनाही सुटी प्रिय होती. तेव्हां मुलाचें मन पाठांतून उडालें म्हणजे तो अपराधी ठरतो, ही समजूत मुलाच्या स्वभावाला धरून नाहीं. ती शिकविणाराच्या गैरसोयींतून जन्मलेली आहे.

पेशवाईच्या अखेरीस आणि इंग्रजी अंमलाच्या आरंभीं मराठी मुलखांत ठिकठिकाणीं पंतोजींच्या शाळा होत्या. देवळाच्या ओवरींत किंवा एखाद्या गृहस्थाच्या पडवींत मुलें जमत. धुळाक्षरें, पाढे, मोडी वाचन आणि हिशेब शिकत. पंतोजीला मोबदला म्हणून धान्य आणि थोडेसे पैसे मिळत. शिकविण्याची रीति त्यानें आपल्या पंतोजीकडून उचललेली असे, आणि तिच्याबरोबर शिक्षेची रीतिही उचललेली असे. कान पिळणें, अंगठे धरून ओणवें उभें करणें, कोंबडा करणें, हातावर छडी मारणें, हे प्रकार कोणीं पुस्तकांतून शिकले नाहींत. ते अंगावर सोसून शिकले आणि मोठेपणीं दुसऱ्याच्या अंगावर वापरून टिकविले. छडी आणि विद्या यांची सांगड घालणारी म्हण याच वातावरणांत रूढ झाली. या पंतोजींना दुष्ट ठरविणें अन्यायाचें होईल. निरनिराळ्या वयाचीं मुलें एकाच वेळीं समोर बसलेलीं, साधनें नाहींत, आणि दुसरा उपाय कोणीं दाखविलेला नाहीं, अशा स्थितींत तो माणूस आपल्या परीनें शाळा चालवीत होता.

इंग्रजी राज्यांत शाळा सरकारी झाल्या, पण छडी गेली नाहीं. उलट तिला कायद्याचें पाठबळ मिळालें. १८६० च्या भारतीय दंडसंहितेंतील ८८ आणि ८९ या कलमांप्रमाणें दुसऱ्याच्या हितासाठीं, सद्हेतूनें आणि संमतीनें केलेलें कृत्य सामान्यतः अपराध ठरत नसे. लहान मुलाच्या बाबतींत पालकाची संमति पुरेशी मानिली जाई. मुलाला शाळेंत घालतांना बापानें मास्तरांना मारण्याचीही संमति दिली, असा अर्थ त्यांतून निघत गेला. ती संहिता १ जुलै २०२४ रोजीं जाऊन तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तथापि सद्हेतूच्या या तरतुदी नव्या संहितेंतही आहेत. त्यामुळें शाळेंतील मुलाचें रक्षण मुख्यतः शिक्षणहक्काच्या कायद्यावरच अवलंबून आहे.

१८६१ मध्यें मध्यप्रांत निर्माण झाला, १८६२ मध्यें त्याचें शिक्षणखातें सुरू झालें. आजचा गोंदिया जिल्हा त्या वेळीं भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. शिक्षक तयार करण्यासाठीं नॉर्मल स्कुलें निघालीं. शिक्षकालाही शिक्षण हवें, ही कल्पना त्या निमित्तानें सरकारनें मान्य केली, हा मोठाच पालट होय. १८८२ मध्यें हंटर आयोगापुढें सादर केलेल्या निवेदनांत महात्मा जोतीराव फुले यांनीं प्राथमिक शाळांसाठीं प्रशिक्षित शिक्षक असावेत, शक्य तेथें ते शेतकरी वर्गांतून घ्यावेत आणि त्यांचें वेतन वाढवावें, अशी मागणी केली. या मागणींत एक खोल दृष्टि आहे. ज्या शिक्षकाला मुलाच्या घरचें जिणें ठाऊक आहे, तो मुलाच्या गैरहजेरीचा किंवा मौनाचा अर्थ लवकर ओळखतो. ज्याला तें ठाऊक नाहीं, तो त्याच मौनाला उद्धटपणा समजतो.

दंड हा नेहमीं छडीनेंच होतो असें नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आपल्या शाळकरी दिवसांविषयीं लिहून ठेविलें आहे. वर्गांत इतरांपासून वेगळें बसावयाचें, बसण्यासाठीं घरून आणलेलें गोणपाट अंथरावयाचें आणि शिपाई हजर नसेल तर तहानलेलेंच राहावयाचें, अशी त्यांची स्थिति होती. त्यांच्या अंगाला कोणी हात लावीत नव्हतें, आणि हात न लावणें हीच तेथील हिंसा होती. याच बाबासाहेबांनीं १९५४ मध्यें भंडारा मतदारसंघांतून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली, त्या वेळीं गोंदियाचा मुलूख भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. त्यांच्या बालपणींच्या अनुभवांत जें होतें, त्याला कायद्याच्या भाषेंत नांव मिळण्यास मात्र २०१२ साल उजाडावें लागलें.

छडीवांचून शिकविण्याची विद्या पद्धतशीरपणें शिकविण्याचे पहिले प्रयत्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत झाले. १९२० मध्यें भावनगरच्या दक्षिणामूर्तींत गिजुभाई बधेका यांनीं बालमंदिर काढलें. मारणें आणि लालूच दाखविणें या दोहोंनाही तेथें मज्जाव होता. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीं १९२६ मध्यें स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या द्वारें, शिक्षण पत्रिकेच्या मराठी आवृत्तीनें आणि १९४५ पासून बोर्डी येथील कामानें हाच विचार मराठी शिक्षकांपर्यंत नेला. मूल खोड्या करतें याचें कारण बहुधा असें असतें कीं, त्याच्या हातांना काम नसतें. हातांना योग्य काम दिलें म्हणजे निम्मी शिक्षा अनावश्यक होते, हें त्यांनीं प्रत्यक्ष करून दाखविलें.

त्याच सुमारास विदर्भांत दुसरा प्रयोग उभा राहिला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनें मूलोद्योगी शिक्षणाची योजना आंखली. पंडित रविशंकर शुक्ल यांनीं मध्यप्रांत-वऱ्हाडांत विद्यामंदिर योजना पुढें आणली आणि तिच्या शिक्षकांसाठीं १९३८ मध्यें वर्ध्यास प्रशिक्षण सुरू झालें. नई तालीमच्या केंद्रांतून शिकणारे शिक्षक एकत्र राहत. सूत कातणें, स्वयंपाक आणि सफाई हीं कामें एकत्र करीत. अहिंसा हा त्यांच्या अभ्यासक्रमांतील एखादा धडा नव्हता. सकाळपासून रात्रीपर्यंत एकमेकांशीं कसें वागावें, हाच तो धडा होता. १९३९ मध्यें काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनीं राजीनामे दिले, युद्ध आलें, आणि योजनेचा जोम ओसरला. स्वातंत्र्यानंतर शाळा झपाट्यानें वाढल्या, शिक्षकांची संख्या वाढली, पुष्कळ ठिकाणीं मूलोद्योग हा वेळापत्रकांतील एक तास होऊन बसला. शिक्षकांनीं एकत्र राहून शिकण्याची रीतिही त्याबरोबर मागें पडली.

१९५६ मध्यें विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यांत आणि १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्याचें विभाजन होऊन गोंदिया, तिरोडा, गोरेगांव, आमगांव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगांव या आठ तालुक्यांचा गोंदिया जिल्हा झाला. दरम्यान मुलाच्या हक्काचा विचार जगभर पुढें सरकत होता. पोलंडनें १७८३ मध्येंच शाळेंतील मार बंद केला होता. स्वीडननें १९७९ मध्यें घरांतील मारही बेकायदा ठरविला. इंग्लंडच्या सरकारी शाळांतून छडी जाण्यास मात्र १९८६ चा कायदा व्हावा लागला. ज्या देशाकडून आपल्याकडे शाळेची सरकारी शिस्त आली, त्याच्याही शाळांत छडी इतकी उशिरापर्यंत टिकली होती, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेला भारतानें डिसेंबर १९९२ मध्यें मान्यता दिली. शाळेंतील शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेला साजेशी असावी, असें ती संहिता सांगते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानें तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशीं बोलून केलेली पाहणी २००७ मध्यें प्रसिद्ध झाली. त्या तेरांत महाराष्ट्र होतें. शाळेंत जाणाऱ्या मुलांपैकीं ६५ टक्के मुलांनीं आपल्याला शाळेंत शारीरिक शिक्षा झाल्याचें सांगितलें. दोन वर्षांनीं शिक्षणहक्काचा कायदा संमत झाला. २०१२ मध्यें राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानें मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दंडाचे शारीरिक शिक्षा, मानसिक छळ आणि भेदभाव असे तीन प्रकार सांगितले. पायांखालून हात घालून कान धरावयास लावणें, म्हणजे पंतोजींचा तो जुना कोंबडा, आणि बाकावर उभें करणें हेही त्या यादींत आले. जातीवरून हिणविणें, वेगळें बसविणें हें तिसऱ्या प्रकारांत आलें. त्याच वर्षीं लैंगिक अपराधांपासून बालकांचें संरक्षण करणारा पोक्सो कायदा झाला. असा अपराध घडल्याचें किंवा घडण्याचा संभव असल्याचें ज्याला कळेल, त्यानें पोलिसांना कळविणें त्यानें बंधनकारक केलें. हें प्रकरण शाळेंतल्या शाळेंत मिटविण्याची मुभा मुख्याध्यापकाला राहिली नाहीं.

इतके सगळे नियम दोन-तीन वर्षांत शिक्षकाच्या मेजावर येऊन पडले. त्यांतील प्रत्येक नियम न्याय्य होता. परंतु शिक्षकाच्या मनांत जी अडचण होती, तिला नियमांत उत्तर नव्हतें. मधल्या सुटींत एका मुलानें दुसऱ्याचें डोकें फोडलें, तर काय करावें? एक मुलगी आठ दिवस कोणाशीं बोलत नाहीं, तिला काय विचारावें? बापच येऊन, मारा पण शिकवा, असें म्हणतो, त्याला काय सांगावें? छडी वाईट असली तरी तिच्याजवळ या प्रत्येक प्रश्नाला एक झटपट उत्तर होतें. तें उत्तर काढून घेतल्यावर पुष्कळ शिक्षक एक तर भीतीनें गप्प बसले, नाहीं तर छडी टाकून जिभेनें मारूं लागले. जिभेचा वळ दिसत नाहीं, म्हणून त्याची तक्रारही होत नाहीं.

या अडचणीवरचा उपाय म्हणजे प्रशिक्षण. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. तशी एक संस्था गोंदियासही आहे. पुढें केंद्रप्रमुख नेमले गेले आणि आसपासच्या शाळांचें एक केंद्र अशी रचना झाली. प्रशिक्षणाची रीति पाटाच्या पाण्यासारखी होती. राज्याच्या तज्ज्ञांनीं जिल्ह्याच्या मार्गदर्शकांना शिकवावें, त्यांनीं तालुक्याच्या, आणि तालुक्याच्यांनीं केंद्रांतील शिक्षकांना. भातशेती करणाऱ्या या जिल्ह्याला हें सांगावयास नको कीं, पाटाच्या शेवटच्या बांधीला पाणी थोडें आणि उशिरा पोंचतें. पुण्यांत जो विचार पांच दिवसांत मांडला गेला, तो देवरी-सालेकशाच्या डोंगराळ भागांत पोंचेपर्यंत कित्येकदां एका दिवसाच्या वाचनापुरता उरे.

दूरच्या शिक्षकाला थेट गांठण्याचे प्रयत्न अर्थातच जुने आहेत. १६ जुलै १९४८ रोजीं नागपूरचें आकाशवाणी केंद्र सुरू झालें आणि त्यामुळें दूरच्या खेड्यांपर्यंत शब्द नेण्याचें साधन विदर्भाच्या हातीं आलें. १९७५-७६ मध्यें उपग्रहाच्या साहाय्यानें सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत दूरदर्शन पोंचविण्याचा प्रयोग झाला आणि त्यांत प्राथमिक शिक्षकांसाठींही कार्यक्रम होते. २० सप्टेंबर २००४ रोजीं केवळ शिक्षणासाठीं एज्युसॅट हा उपग्रह सोडण्यांत आला. ५ सप्टेंबर २०१७ रोजीं दीक्षा हें शिक्षकांसाठींचें ऑनलाईन व्यासपीठ सुरू झालें. ऑगस्ट २०१९ मध्यें निष्ठा नांवाची शिक्षक-प्रशिक्षणाची देशव्यापी योजना प्रत्यक्ष वर्गांतून सुरू झाली. पण पुढच्याच वर्षीं कोरोनाच्या साथीनें शाळा बंद पाडल्या, तेव्हां ६ ऑक्टोबर २०२० पासून तिचे अठरा पाठ दीक्षावर आणण्यांत आले. त्या अठरांत गणित-विज्ञानाबरोबर, मुलांचे वैयक्तिक व सामाजिक गुण वाढवून शाळेचें वातावरण निकोप ठेवणें, आरोग्य व स्वास्थ्य, स्त्रीपुरुष समानता, आणि बालहक्क, लैंगिक शोषण व पोक्सो कायदा या विषयांचे स्वतंत्र पाठ होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें प्रत्येक शिक्षकानें वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठीं द्यावेत, अशी अपेक्षा ठेविली.

या पाठांनीं एक मोठें काम केलें, तें नाकारतां येणार नाहीं. पाटाचें पाणी आतां थेट शेवटच्या बांधींत आलें. पुण्याच्या शिक्षकाला जो मजकूर, तोच मजकूर त्याच दिवशीं अर्जुनी मोरगांवच्या शिक्षकाला मिळाला. शाळा बंद ठेवून तालुक्याला जावें लागलें नाहीं. एकदां न समजलेला भाग पुन्हां ऐकतां आला. मूल शोषणाविषयीं सांगूं लागलें तर त्याला खोदून खोदून न विचारतां शांतपणें ऐकावें, गुप्ततेचें खोटें वचन देऊं नये, कायद्याप्रमाणें कळवावें, आणि १९९६ मध्यें मुंबईंत सुरू झालेल्या १०९८ या बालसहाय्य क्रमांकाची माहिती मुलांना द्यावी, असें ज्ञान खेड्यांतील एकट्या शिक्षकापाशीं असणें ही लहान गोष्ट नव्हे. प्रसंगीं त्यावर एखाद्या मुलाचें सारें आयुष्य अवलंबून असतें.

तथापि ज्ञान होणें आणि सवय होणें यांत अंतर आहे. राग येतो तो क्षणांत येतो. त्या क्षणीं माणूस वाचलेलें आठवीत नाहीं, अंगवळणीं पडलेलें करतो. दोन श्वास थांबणें, मुलाला सर्वांदेखत न बोलतां बाजूला घेणें, भांडलेल्या दोघांना आपापली हकीगत पुरी सांगूं देणें, वर्गाचे नियम मुलांकडूनच ठरवून घेणें, चांगल्या वागण्याची तत्काळ दखल घेणें, हीं सारीं कृतीनें शिकावयाचीं कौशल्यें आहेत. मोबाईलच्या पडद्यासमोर एकट्यानें बसून तीं ऐकतां येतात, पण करून पाहतां येत नाहींत. पडद्यावरचें मूल उलट उत्तर देत नाहीं. शिवाय पाठाच्या अखेरीस प्रश्नांचीं उत्तरें टिपलीं कीं प्रमाणपत्र मिळतें. आणि प्रमाणपत्र हेंच ध्येय झालें म्हणजे पाठ हातावेगळा करण्याकडे मन धांवतें. हा शिक्षकांच्या आळसाचा परिणाम नव्हे. ज्या कामाचें मोजमाप प्रमाणपत्रानें होतें, तें काम प्रमाणपत्रापाशीं थांबणारच.

याविषयीं दोन परीक्षित प्रयोग मार्गदर्शक आहेत. युगांडा देशांत एका जिल्ह्याच्या ४२ प्राथमिक शाळांवर एक प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०१५ मध्यें प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांत शिक्षक, विद्यार्थी आणि पालक यांनीं मिळून दीड वर्ष शाळेचें वागणें बदलण्याचें काम केलें. अखेरीस मागील आठवड्यांत शाळेंतील कोणाकडून मार खाल्ल्याचें त्या शाळांतील ३१ टक्के मुलांनीं सांगितलें. इतर शाळांत तें प्रमाण सुमारें ४९ टक्के होतें. दुसरा प्रयोग बिहारमधील नालंदा जिल्ह्याच्या माध्यमिक शाळांत झाला व त्याचे निष्कर्ष २०१८ मध्यें आले. कांहीं शाळांत किशोरांच्या स्वास्थ्याचा एक कार्यक्रम प्रशिक्षित शिक्षकांकडे सोंपविला, कांहीं शाळांत तोच कार्यक्रम त्याच कामासाठीं नेमलेल्या समुपदेशकाकडे दिला. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारलें, दांडगाई आणि हिंसा कमी झाली. शिक्षकांकडे सोंपविलेल्या शाळांत मात्र फरक पडला नाहीं. शिक्षक अपात्र असतात, असा याचा अर्थ काढणें चूक होईल. आधींच भरलेल्या ओझ्यावर आणखी एक ओझें ठेविलें आणि त्यासाठीं वेळ दिला नाहीं, तर उत्तम प्रशिक्षणही निष्फळ होतें, असाच तो घ्यावा लागेल. सारी शाळा एकत्र हालावी लागते, आणि कोणाला तरी त्या कामासाठीं सवड असावी लागते. हे दोन धडे त्यांतून मिळतात.

गोंदिया जिल्ह्याच्या बाबतींत हे धडे अधिकच लागू पडतात. येथें मराठीबरोबर हिंदी, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी आणि हलबी या बोली घराघरांतून चालतात. पहिलींत आलेल्या गोंडी बोलणाऱ्या मुलाला शिक्षकाचा मराठी प्रश्नच कळत नाहीं. तें गप्प राहतें, आणि त्या गप्प राहण्याला हट्ट समजलें जाण्याचा संभव असतो. शिक्षकाला मुलाच्या बोलींतील शंभर शब्द येणें, हेंही हिंसा टाळण्याचें प्रशिक्षणच होय. आणि सर्व देशासाठीं एकच तयार केलेला पाठ तें देऊं शकत नाहीं. देवरीच्या आदिवासी विकास प्रकल्पाखालीं आश्रमशाळा आहेत. तेथें शाळा सुटली म्हणजे मूल घरीं जात नाहीं. रोजच्या शाळेंतील मुलाच्या गालावरचा वळ संध्याकाळीं आई पाहते. आश्रमशाळेंतील मुलाची आई कित्येक कोसांवर असते. म्हणून तेथील शिक्षक आणि अधीक्षक यांचें वागणें हेंच त्या मुलाचें घर असतें. लहान खेड्यांतील दोन-शिक्षकी शाळेंत एक शिक्षक कार्यालयीन कामासाठीं गेला म्हणजे दुसऱ्यावर सर्व वर्ग येऊन पडतात. अशा वेळीं त्याच्या सहनशक्तीची जी कसोटी लागते, तिची दखल कोणताही पाठ घेत नाहीं.

शासनानें २०२२ मध्यें शाळा, केंद्र आणि तालुका पातळीवर सखी सावित्री समित्या स्थापन करण्याचा आदेश दिला. ऑगस्ट २०२४ मध्यें बदलापूर येथें शाळेंत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराची घटना उघडकीस आली आणि सारा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि या समित्या यांविषयीं पुन्हां कडक आदेश निघाले. हे उपाय अवश्य आहेत. परंतु कॅमेरा घडलेलें टिपतो, तक्रारपेटी लिहितां येणाऱ्या आणि धीर असलेल्या मुलाच्याच उपयोगी पडते. ज्या मुलाला लिहितां येत नाहीं, त्याची तक्रार त्याच्या चेहऱ्यावर असते, आणि तो चेहरा वाचणारा एकच माणूस शाळेंत असतो.

या सर्व इतिहासाचा निष्कर्ष असा निघतो कीं, शिक्षकाला आपला हात आवरण्यास आजवर पुष्कळांनीं सांगितलें. तें कसें साधावें हें शिकविणारे थोडे निघाले. आणि ज्यांना तें शिकविणें साधलें, त्यांनीं शिक्षकांना एकत्र आणून शिकविलें. भावनगर, बोर्डी, वर्धा यांची हीच रीति होती. युगांडांतील शाळांचीही हीच. ऑनलाईन पाठानें माहिती दूरवर पोंचविण्याचा शतकाचा प्रश्न बऱ्याच अंशीं सोडविला आहे. आतां उरलेलें काम जवळचें आहे, आणि त्यासाठीं नवी संस्था काढावयास नको. केंद्रांतील शिक्षक दर महिन्याच्या शिक्षण परिषदेस एकत्र येतातच. तेथें परिपत्रकांच्या वाचनांतून एक तास राखून ठेवावा. सर्वांनीं आधीं आपापल्या मोबाईलवर पाठ ऐकून यावा, आणि त्या तासांत कोणाचेंही नांव न घेतां महिन्याभरांत वर्गांत घडलेला एकेक अवघड प्रसंग मांडावा: मूल काय म्हणालें, आपण काय केलें, दुसरें काय करतां आलें असतें. पोक्सोच्या कक्षेंत येणारी गोष्ट असेल तर ती या चर्चेसाठीं न थांबवितां तत्काळ कळवावी. पण रोजच्या चिडण्या-रुसण्याच्या, मारामारीच्या आणि मौनाच्या गोष्टी येथें मोकळेपणीं बोलल्या जाव्यात. जुन्या शिक्षकानें नव्याला सांगावें आणि नव्यानें जुन्याला विचारावें.

पंतोजींनीं मारण्याची रीति एकमेकांचें पाहूनच उचलली होती. न मारण्याची रीतिही तशीच, एकमेकांचें पाहूनच, अंगीं बाणणार आहे.